बरडावरचे तीन दगड

मी गाव सोडलं त्या दिवशी बाबा बरडावरून थेट फाट्यावर आले. पायाला माती, डोक्याला दुपट्टा, हातात विळा तसाच. माय सकाळपासून माझ्यामागे लागली होती. डबा घेतला का, दाखले घेतले का, स्वेटर वरच ठेव. एसटी लागली, मी खिडकीत बसले, तेव्हा बाबा खाली येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वावराचं टेन्शन घेऊ नको. वावर म्या पाह्यतो. तू तिकडं मान वर करून राहजो." गाडी निघाल्यावर माय डोळे पुसत होती आणि बाबा आले त्याच पायवाटेनं परत निघाले होते. कामाचे दिवस होते, त्यांना वेळ नव्हता. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आमच्याकडे निरोप असाच असतो.

आमचं आसेगाव वाशीम जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यात. वस्तीतली माणसं तशी दर वर्षीच बाहेर जातात. दिवाळी झाली की कोणी ऊसतोडीला, कोणी पुण्याकडे बांधकामावर, अर्ध्या घरांना कुलूप. माझ्यात आणि त्यांच्यात फरक एवढाच, की माझ्या पिशवीत बीएस्सीची मार्कशीट होती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आजही कोणाशी ओळख झाली की मी हे सांगते. काहींना ती बढाई वाटते. वाटू द्या.

बरडाबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच घडलं. बरड म्हणजे मुरमाड, उतरती जमीन. आमचं बरड मंगरूळच्या रस्त्याला लागून आहे आणि ते ई-क्लासचं आहे. म्हणजे कागदावर सरकारची जमीन. पण माझ्या आजोबांनी आणि वस्तीतल्या आणखी काही घरांनी तिच्यातले दगड वेचले, धुरे म्हणजे बांध घातले, आणि तेव्हापासून ही घरंच ती कसतात. सातबारा कोणाच्याच नावाचा नाही. कोणाचा पट्टा कुठून कुठपर्यंत, हे दर वर्षी कोण काय वाहतो, म्हणजे नांगरतो, त्यावरून सगळ्यांना माहीत असतं. बाबांचा पट्टा मधोमध. तेवढीच आमची शेती. बाकी सगळं आयुष्य दुसऱ्याच्या वावरात.

पुण्यात मला साड्यांच्या एका ऑनलाइन दुकानात काम मिळालं. साडी पसरायची, दिवे लावायचे, फोटो काढायचे, पार्श्वभूमी पांढरी करायची. त्या कामातून हात बसला आणि मी एक जुना कॅमेरा घेतला. मग दर रविवारी मंडई, बोहरी आळी, स्वारगेट. लिंबू विकणारी बाई, पेट्रोल पंपावर झोपलेला हमाल, लग्नाच्या बँडातला थकलेला ट्रम्पेटवाला. रस्त्यावरच्या फोटोत आपण तिथे नसल्यासारखं असायचं असतं. कॅमेरा पोटापाशी, नजर दुसरीकडे, एक क्लिक आणि पुढे चालू लागायचं.

हे मला फार जमलं, कारण पुण्यात मी खरोखरच कोणाला दिसत नव्हते. आसेगावात बसस्टँडपासून घरापर्यंत यायचं तर चार ठिकाणी उत्तर द्यावं लागतं. कुठून आली, किती दिवस आहे, बापाचा गुडघा कसा आहे, लग्नाचं काय. पुण्यात मी तासन् तास एका कोपऱ्यावर उभी राहिले तरी कोणी विचारत नसे, तू कोणाची. खोटं कशाला बोलू, मला ते सुख वाटायचं. ज्यांनी गाव सोडलंय त्यांना हे कळेल. आपण गावाची आठवण काढतो खरी, पण कोणी ओळखत नाही याची चव एकदा लागली की ती सुटत नाही.

भाषाही बदलली. पहिल्याच महिन्यात स्टुडिओत मी "मले" म्हटलं आणि दोन मुली एकमेकींकडे बघून हसल्या. दुसऱ्या महिन्यापासून "मला". मग ते फोनवरही यायला लागलं. माय वैतागायची. "काहून वं वंदे, लाटसाहेबाच्या बायकोवानी बोलून राह्यली? पोटात दुखते काय?"

एका रविवारी मी शहराच्या कडेच्या मजूर अड्ड्यावर गेले. सकाळी सकाळी माणसं तिथे कामाच्या आशेनं उभी असतात. टोपली उलटी टाकून तिच्यावर बसलेल्या एका बाईचा मी नेहमीसारखा फोटो काढला आणि पुढे निघाले. मागून आवाज आला.

"ओ बाई, इकडं ये. काहून काढला वं माह्या फोटो?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी मला पकडलं होतं, आणि तेही माझ्या बोलीत. मी परत गेले. म्हटलं, "मावशी, कोन्या गावच्या तुमी?"

"किन्हीराजा. वाशीमकडलं मालेगाव. तुले काय ठाव!"

"मी आसेगावची."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, जीन्स, बूट, कॅमेरा. मग बाजूच्या बाईला म्हणाली, "आपल्याकडलीच हाय वं ही. म्या म्हटलं चोट्टी हाय का काय." दोघी हसल्या. मग म्हणाली, "दाखव बरं तुयं गाव. असन ना त्या मशिनीत फोटो?"

मी मोबाइल काढला. मायचा दारातला फोटो होता, मावसबहिणीच्या लग्नातले होते, बाबा चष्मा घालून होते. त्या बाईनं अंगठ्यानं सगळे सरकवले. "हे तं मानसं हायेत. गाव कुठी हाय?"

घरी येऊन मी हार्ड डिस्क पालथी घातली. अनोळखी माणसांचे डोंगरच्या डोंगर. आमच्या गावची एक टेकडी नाही, एक धुरा नाही. मला राग आला, स्वतःवर नाही, त्या सवयीवर. पळस फुलायच्या दिवसांत मी सुट्टी टाकली, एक ट्रायपॉड विकत घेतला आणि गावी गेले.

गावातले पहिले दोन दिवस फुकट गेले. रस्त्यावर फोटो चालत तुमच्याकडे येतो, तुम्ही फक्त तयार पाहिजे. बरडावर काही येत नाही. मी उन्हात उभी राहून माणूस शोधत होते. एखादा बकऱ्यावाला आला की लगेच कॅमेरा वर. तो थांबायचा, टोपी नीट करायचा, ताठ उभा राहायचा आणि विचारायचा, "पेपरात येईन काय?" तिसऱ्या दिवशी मी माणूस शोधायचं सोडलं आणि नुसती बसले. तेव्हा कुठे जमीन दिसायला लागली. कोणत्या वेळी उताराची घडी पडते, कोणाच्या धुऱ्यावरची बाभूळ कुठे सावली टाकते, खालच्या नाल्यापासून वर येताना मातीचा रंग काळ्याचा तांबडा कसा होतो. लहानपणी मी तिथे तूर वेचली, पण असं बघितलं नव्हतं. वेचताना मान खालीच असते.

मला हवा तो फोटो बाबांच्याच पट्ट्यात होता. गुडघ्यामुळे मायनं त्यांना वावर बंद केलं होतं, आणि पट्टा दोन हंगाम पडीत होता. त्यात कुसळी गवत कमरेपर्यंत वाढून वाळलेलं. दोन्ही बाजूंना पीक निघालेली उघडी जमीन आणि मधोमध सकाळच्या उन्हात पिवळंधमक गवत, मागे पळस. एक कच्चा फोटो काढून मी तो बाबांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला. त्यांनी पाहिलं आणि तोंड फिरवलं. "गवताचा काय फोटो काढते वं," एवढंच म्हणाले. मला जे सुंदर दिसत होतं ते त्यांना बघवत नव्हतं. पेरलेलं वावर बघायची सवय असलेल्या माणसाला ते ओसाड घर होतं.

ऊन चढलं होतं, म्हणून खरा फोटो दुसऱ्या दिवशी पहाटेच्या उजेडात काढायचं ठरवलं. ट्रायपॉड परत नेमका त्याच जागी लागावा म्हणून त्याच्या तीन पायांच्या जागी मी तीन दगड मांडले. अंधुक उजेडात दिसावेत म्हणून मायच्या सारवणाच्या कोनाड्यातून उरलेला चुना आणून ते पांढरे केले. स्टुडिओत आम्ही फरशीवर टेप लावतो, तसंच हे. काम नीट केल्याच्या समाधानात मी घरी येऊन जेवले आणि झोपले.

तुम्ही गावचे असाल तर एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. तीन पायांचं मशीन घेऊन एक शिकलेली बाई तीन दिवस ई-क्लासच्या बरडावर उभी राहते, एका डोळ्यानं बघते, आणि जाताना चुना लावलेले दगड ठेवून जाते. आमच्याकडे त्याचा एकच अर्थ होतो. मोजणी आली.

सकाळी गेले तर बरड ओळखू येईना. संध्याकाळपासून वस्तीतल्या सगळ्यांनी मिळेल तो ट्रॅक्टर लावून आपापला पट्टा उलथून काढला होता. मोजणीवाले आले तर जमीन वहितीत दिसली पाहिजे, पडीत दिसली तर गेली. जिथे पेरायला अजून महिने होते तिथे ताजी ढेकळं पडली होती. आणि शेजारच्या किसनकाकांचा नांगर त्यांच्या धुऱ्यावर थांबला नव्हता. बाबांचा पट्टा पूर्ण नांगरलेला होता. गवत नाही, मधला धुरा नाही. माझे तीन दगड मात्र जिथल्या तिथे, त्यांना वळसा घालून नांगर गेला होता.

मी तशीच घरी पळाले. बाबा ऐकून उठले आणि काठी न घेता चालायला लागले. माय मागून ओरडत होती, "अवो, गुडघा! गुडघा!" आणि ओरडता ओरडता तीही आमच्या पुढे गेली.

किसनकाका धुऱ्यावरच, म्हणजे जिथे धुरा होता तिथे, तंबाखू मळत बसले होते. बाबांच्या वयाचे, एकाच शाळेत चौथीपर्यंत बसलेले. मायनं तोंडाचा पट्टा सोडला.

"भाऊजी, आमचं मानूस बसलं म्हनून आमचं वावर गिळाले निंगाले काय?"

"वैनी, म्या काय आनली मोजनी? तुयी पोरगीच आनून राह्यली. चुना लावून दगड कोनं ठेवले?"

"काका, ते फोटोसाठी होते," मी म्हटलं.

"फोटोले चुना कोन लावते वं? आमचे फोटो काढले तवा पावडर बी नाही लावू दिली कोनं!"

जमलेली माणसं हसली. माय हसली नाही. मी ट्रायपॉड उघडून दाखवला, कॅमेरा लावला, काल काढलेला फोटो एकेकाला दाखवला. मोजणी नाही, सरकार नाही, रस्ता रुंद करणं नाही. किसनकाकांच्या बायकोनं, कांताकाकूनं, कपाळावर हात मारला. "माय वं! ट्रॅक्टरवाल्याले कालच पैसे देल्ले!" पुन्हा हशा झाला. तिथेच सगळं संपलं असतं तर बरं झालं असतं.

बाबा म्हणाले, "किसन, बरं. मोजनी नाही. मंग माह्या धुरा घालून दे."

किसनकाकांनी तंबाखू तोंडात टाकली. मग जे बोलले ते मला आजही चूक म्हणता येत नाही. "गड्या, दोन साल पडीत हाय. आज खोटी मोजनी आली, उद्या खरी येईन. तुया पट्टा पडीत दिसला तं आमचे बी पट्टे जातीन. तुले होत नाही, वैनीले होत नाही, लेकरू म्हनाल तं ही एक, ते बी पुन्याले. मंग हे वावर कोनाचं हाय, सांग ना."

बाबांनी मान खाली घातली. त्यांना असं कोणापुढे मी कधीच पाहिलं नव्हतं. सावकारापुढे नाही, मास्तरापुढे नाही. हातातली काठी घरी राहिली होती, ते मायच्या खांद्याला धरून उभे होते. ही जमीन कोर्टात जिंकायची नव्हती, कागदच नाही तर कोर्टात काय दाखवणार. वस्तीतल्या चार माणसांनी मान्य केलं तर ती आमची, नाही तर नाही. आणि ती चार माणसं तिथेच उभी होती आणि पायाखाली बघत होती.

मी म्हटलं, "माह्यं हाय."

किसनकाकांनी वर पाहिलं. "तुयं? तू वाहशीन?"

"वाहीन."

"फोटो काढून काय वाहनं होते वं?"

"काका, तुमी नांगरलं ते बरं केलं. आता पेराले मी येतो. मधातलं निंदनं-डवरनं तुमी पाहा, पिकात अर्धं तुमचं. पन धुरा आज घालून द्या, आन या सगळ्यांच्या समोर सांगा पट्टा कोनाचा."

मी हे सगळं आमच्या बोलीत बोलले हे मला नंतर मायनं सांगितलं. किसनकाका तंबाखू चघळत राहिले. कांताकाकूच म्हणाली, "बोला ना आता. पोरगी म्हनून राह्यली ना येतो म्हनून. नाही आली तं मंग पाहू."

ते उठले, पिंक टाकली, पायानं एक ढेकूळ सरकवलं. "पेरनीले नाही आली तं माह्या नांगर हायेच," असं म्हणत धुऱ्याचा पहिला दगड त्यांनी स्वतः ठेवला. बाकीचे दगड माणसांनी लावले. माझे पांढरे तीनही त्यातच गेले.

पुण्यात परत आल्यावर मी स्टुडिओत सांगून टाकलं की पेरणीला मी नसणार. आमच्या साहेबांना वाटलं मी गंमत करते आहे. "सोयाबीन पेरायला सुट्टी? वर काय कारण सांगू?" मी म्हटलं, "हेच सांगा." सीझनचे दिवस होते, नोकरी जाऊ शकत होती. पण नोकरी मला दुसरी मिळाली असती. बरडाचा पट्टा दुसरा मिळाला नसता, आणि बाबांना तर तो अजिबातच मिळाला नसता. त्या दिवसांत फोनवर ते एकच विचारायचे, येतेस ना. दोनदा नाही विचारायचे. एकदाच, फोन ठेवता ठेवता.

मी गेले. किसनकाकांची बैलजोडी आणि तिफन, म्हणजे तीन फणांची पाभर. कांताकाकू तिफनीत सोयाबीनचं बी सोडत होती, आणि मागे दोरीनं बांधलेला सरता माझ्याकडे. सरता म्हणजे बांबूची नळी, ती तासात, म्हणजे पेरणीच्या ओळीत, धरून चालायचं आणि तिच्यातून तुरीचा दाणा सोडत जायचं. लहानपणी मायच्या मागे चालताना मला ते खेळ वाटायचं. बरडाच्या मुरमात नळी दगडाला लागते, उडते, तासाबाहेर जाते. मी ती ओढून परत आणायची, तोवर दाणे भलतीकडे पडलेले असायचे.

"ओढू नको वं, त्याले चालू दे!" किसनकाका पुढून मागे न बघता ओरडायचे. "तास सोडलं तुनं! तुया बाप पाह्यते तिकडून, त्याच्या छातीत दुखन!"

बाबा बाभळीखाली खाट टाकून बसले होते. आधी काही वेळ त्यांनी मला सूचना केल्या, मग नाद सोडला आणि चहा मागवला. कॅमेरा पिशवीतच राहिला. दोन्ही हात गुंतलेले असताना फोटो काढता येत नाही, आणि पहिल्यांदाच मला त्याची हळहळ वाटली नाही.

फोटो मी नंतर काढले आणि अजून काढते आहे. रस्त्यावरचे फोटो बंद केलेले नाहीत, पण रविवार आता तिथे सगळा जात नाही. सणाच्या सुट्ट्या, जोडून आलेले शनिवार-रविवार, ट्रॅव्हल्सनं वाशीम आणि तिथून पुढे एसटी. बरडावर ट्रायपॉड लावायच्या आधी मी आता वस्तीत सांगून जाते. लोक विचारतात, आज कोणत्या बाजूनं, आणि उगाच सल्ले देतात. लपून काढायची सवय तिथे कामाची नाही. मी उभी राहिले की जमिनीला आणि माणसांना कळतं, कोण उभी आहे ते. या गोष्टीला कंटाळूनच मी गेले होते, आणि आता तिच्याचसाठी जाते. यात विसंगती असेल तर असू दे.

घर कोणतं, असं पुण्यात कोणी विचारलं की मी दोन्ही सांगत नाही, आसेगावच सांगते. तुमच्यातल्या काहींना गावी आता काही उरलं नाही असं वाटत असेल. ते खरंही असेल, मी तुमच्या वतीनं बोलत नाही. माझ्यापुरतं एवढं कळलं, की जिथे मी न गेल्यानं कोणाचा तरी नांगर पुढे सरकतो, ते माझं घर. पुण्यात मी एक रविवार बाहेर पडले नाही तर कशाचंही काही होत नाही.

सोयाबीन निघालं, वावर मोकळं झालं, आणि मग सगळ्यांना दिसलं. सोयाबीन असेपर्यंत झाकलेलं होतं. आता तिथे नुसती तूर उभी होती, डोक्याएवढी, पिवळ्या फुलांनी भरलेली. दोन्हीकडच्या पट्ट्यांत तुरीच्या ओळी दोरी लावल्यासारख्या सरळ, आणि मधल्या पट्ट्यात नदीसारख्या वाकड्यातिकड्या. कुठे ओळ तुटलेली, कुठे दोन ओळी एकमेकींना जाऊन भेटलेल्या. मंगरूळच्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक एसटीतून ते दिसत होतं. तो फोटो मी मोठा करून पुण्याच्या खोलीत लावला आहे. माझ्या आतापर्यंतच्या कामात तोच सगळ्यात चांगला आहे, असं मी म्हणते.

त्याच दिवसांत बाबा एसटीनं तालुक्याला गुडघा दाखवायला निघाले होते. शेजारी बसलेल्या कोण्या परगावच्या माणसानं खिडकीतून बोट दाखवून विचारलं, "असं वाकडं कोनं पेरलं हो?"

माय मागच्या सीटवर होती, तिनं ऐकलं आणि मला फोनवर सांगितलं. बाबा म्हणे त्या माणसाकडे पूर्ण वळले आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असे बोलले, "माह्या पोरीनं. पुन्याले राह्यते ते."